बावीस वर्षांचा साचा

मुलगी: ...आणि मग ती शेवटची चढण, बाबा, एकशे बारा पायऱ्या, आणि वर तो कुत्रा...

बाबा: कुत्र्याचं नंतर. पायाचं सांग.

मुलगी: पायाचंच तर सांगतेय. पोस्टमास्तर खाली उभे, घड्याळ बघत. आई लंगडली की टपालाची थैली काढून घेणार आणि उद्यापासून खिडकीमागे शिक्के मारायला बसवणार. मी तिच्या मागनं चालतेय, मलाच धाप लागलीय...

बाबा: लंगडली का?

मुलगी: एका पायरीवरही नाही. शेवटचं पत्र टाकलं आणि वरनं हात केला त्यांना. आता ती थैली जमा करतेय, मी पळत आले सांगायला.

बाबा: हं. करंगळीपाशी अर्धं बोट जागा जास्त सोडलीय मी तिच्या या नव्या बुटांत.

मुलगी: आता ऐट बघा. महिन्यापूर्वी रुसून बसला होतात.

बाबा: डॉक्टरीणबाई माझ्या बुटाला कुरूप म्हणाल्या.

मुलगी: बुटामुळे पायाला कुरूप झालंय म्हणाल्या. बूट देखणे आहेत, असंही म्हणाल्या, ते बरं नाही ऐकलंत.

बाबा: आणि तुझी आई आतलं मूळ काढायचं म्हणून ब्लेडनं कोरत बसायची.

मुलगी: मूळबिळ काही नसतंच. एकाच जागी घासत, दाबत राहिलं की कातडी टणक होते. म्हणून रोज कोमट पाण्यात पाय, मग हलक्या हातानं वज्री, मग मलम. पण दाब गेला नाही तर परत येणार, म्हणाल्या.

बाबा: आणि दाब माझाच.

मुलगी: तसं नाही हो...

बाबा: तसंच. लग्न झालं त्या आठवड्यात तिच्या पायाचा लाकडी साचा केला. बावीस वर्षं त्याच्यावरच तिचे बूट. गिऱ्हाइकाचा पाय मी दर वेळी मोजतो, तोही संध्याकाळी, दिवसभरानं फुगलेला असताना. बायकोचा म्हणे मला पाठ आहे.

मुलगी: दोन बाळंतपणं, वर रोजचे बारा किलोमीटर. पाय पसरणारच की.

(आई दारात. बूट अजून पायातच.)

आई: बापलेकीला माझ्या पायाशिवाय विषय नाही का?

बाबा: दुखतोय?

आई: अहो, पायऱ्यांवर मध्येच वाटलं, बूट घालायचे राहिलेच की काय. फेरी माझ्याकडेच राहिली. आणि पोस्टमास्तर विचारत होते, बूट कोण शिवतं. त्यांच्याही अंगठ्याला झालंय म्हणे.

बाबा: संध्याकाळी यायला सांग. मोजल्याशिवाय कात्री लावणार नाही.

आई: तेच सांगून आले.

मुलगी: मग हा जुना साचा? शेगडीत घालू?

आई: आण इकडे. फळीवर राहू दे. माझा पाय कधी एवढासा होता, हे यांच्याशिवाय याच्याच तर लक्षात आहे.