बावीस फटींचं चर्च

पुतणी : आणि ही फट? हीसुद्धा बुजवलीत?

काका : ही तर आधी बुजवली. सगळ्यांत निर्लज्ज हीच होती. हिच्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता.

पुतणी : दिसायलाच पाहिजे होता, काका! या चर्चची आर्किटेक्ट मी आहे ना? दोन वर्षं नकाशे काढले. दर दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, चारी भिंतींना अशा बावीस ओळी. त्यातून उजेड येणार, वारा येणार. आठ दिवस दुसऱ्या कामावर काय गेले, तुम्ही सहा जणांनी मिळून सगळ्या फटींत ताग ठोकलात आणि वर डांबर फासलंत!

काका : फासलं नाही, ओतलं. फासतात ते नवशिके.

काकू : मी सांगत होते, पोरीला एक फोन करा म्हणून.

काका : फोन कशाला? आम्ही सहाही जण जन्मभर बोटी बांधलेली माणसं. फळ्यांमध्ये फट राहिली की बुजवायची, हे काय फोन करून विचारायचं असतं?

पुतणी : नकाशावर लिहिलं होतं. 'फटी मोकळ्या ठेवाव्यात.' लाल अक्षरांत!

काका : वाचलं की. सहाही जणांनी वाचलं. म्हटलं, पोर दमली असेल, चुकून लिहून गेली. तुझी चूक चारचौघांत नको म्हणून गुपचूप निस्तरली, तर वर तूच ओरडतेस.

पुतणी : फार उपकार झाले! आज चार वाजता इमारत तपासायला इन्स्पेक्टर येताहेत. आत हवा खेळत नाही म्हटलं की सही नाही. सही नाही तर रविवारी उद्घाटन नाही. एकतीस वर्षं टायरच्या गोदामात उपासना केलीत ना? करा अजून एकतीस.

काका : हवेला काय धाड भरलीय? एवढी हवा आहे की आत.

काकू : परवा गाण्याच्या सरावाला चौदा बायका होत्या. दुसऱ्या गाण्याला मेणबत्त्या मिणमिणायला लागल्या, तिसऱ्याला पाळकांच्या बहिणीला भोवळ आली.

काका : ती सूर लावते तेव्हा भोवळ मलाही येते.

काकू : आणि दार लावलं की वेदीमागची खिडकी धाडकन उघडते.

काका : याला म्हणतात काम! इकडे दार लावलं की तिकडे खिडकी उघडते. अगं, उद्या पूर आला ना, तर हे चर्च अलगद उचललं जाईल आणि तरंगत तरंगत गावाला वळसा घालून परत जागेवर येईल. पाळकांचं प्रवचन तोवर संपलेलं नसेल.

पुतणी : टेकडीवर कसला डोंबलाचा पूर येतोय! आणि फळ्या तिरक्या लावल्यात, पाऊस बाहेरच्या बाहेर निथळतो. किती वेळा सांगू?

काका : पाण्याला सांगितलंयस का? देश सोडून आपण आलो ती बोट तुला आठवत नाही. तू सहा महिन्यांची होतीस. मी बांधलेली बोट! साठ माणसं...

काकू : तेवीस.

काका : साठ माणसं, दोन बकऱ्या आणि एक शिलाई मशीन. वादळ असलं की मासेच उड्या मारून बोटीत आसऱ्याला यायचे. शेवटी एका देवमाशाला आमची दया आली. त्याने बोटीखाली पाठ लावली आणि अर्धा दिवस वाहून आणलं. पण बोटीत थेंब? नाव नको! साखरेचा डबा उघडा होता, साखर ओली झाली नाही.

पुतणी : काका, हा देवमासा मी जन्मभर ऐकतेय. मागच्या वेळी तो तासभरच होता. आत्ता साडेदहा वाजलेत. पटाशी घ्या, पाचही जणांना हाका मारा आणि हे सगळं उपसून काढा.

काका : माझ्या हातून नाही निघायचं ते.

पुतणी : का? डांबर अजून मऊ आहे.

काका : डांबराचं नाही म्हणत मी.

पुतणी : मग हट्टाचं म्हणताय! जन्मभर आम्ही तुमच्या थापांना हसायचं, आणि कामात चुकलात तरी कुणी ब्र काढायचा नाही! रविवारी सगळे नवे कपडे घालून दाराशी उभे राहतील. त्यांना काय सांगू? आत या, पण श्वास बाहेरूनच घेऊन या?

काकू : अहो, सांगा तिला. नाहीतर मी सांगते.

काका : सांगण्यासारखं काही नाही.

काकू : तिसऱ्या दिवशी बोटीत पाणी आलं होतं गं. निघायची घाई. शेवटच्या फटीला ताग कमी पडला. एवढीशी, बोटभर राहिली. 'चालेल' म्हणाले हे. मग चार दिवस आम्ही पाणी उपसत होतो. तुझी आई पातेल्याने उपसायची. आणि ह्यांनी तुला डोक्यावर धरलेलं. खाली ठेवायला कोरडी जागाच नव्हती कुठे.

काका : कमरेएवढंच तर होतं पाणी. उगाच वाढवून सांगू नकोस.

पुतणी : आणि देवमासा?

काकू : तो नंतर आला. तू चार वर्षांची झालीस आणि आंघोळीच्या पाण्यालाही घाबरायला लागलीस, तेव्हा.

पुतणी : काका... पाणी कुठपर्यंत म्हणालात?

काका : कमरेपर्यंत. इथे.

पुतणी : इथे म्हणजे खालच्या पाच ओळी. थांबा जरा, हिशेब करू द्या. हवा खालून यायला दाराशेजारच्या जाळ्या, त्याही बुजवल्यात ना, तेवढ्या मोकळ्या करा. वरच्या सतरा मोकळ्या झाल्या, तर... भागेल. खालच्या पाच राहू देत तशाच.

काका : सहा ठेव. लाटा उसळतात.

पुतणी : काका!

काका : बरं, बरं. पाच. ओरडतेस किती! अगदी तुझ्या आईवर गेलीस. कुठाय ती पटाशी?

(चार वाजून दहा मिनिटं. भिंतीतून आलेल्या उन्हाच्या सतरा रेघा जमिनीवर पडल्या आहेत.)

इन्स्पेक्टर : हवा चांगली खेळतेय. उजेडही छान. पण खालच्या पाच ओळी बंद कशा? नकाशात बावीस मोकळ्या आहेत.

पुतणी : हा सुधारलेला नकाशा. सकाळीच बदलला.

इन्स्पेक्टर : आणि कारण काय लिहू?

पुतणी : पाणी आत येऊ नये म्हणून.

इन्स्पेक्टर : टेकडीवर कसलं पाणी, बाई?

पुतणी : समुद्राचं.

इन्स्पेक्टर : थट्टा करताय का? समुद्र इथून तीनशे किलोमीटर लांब आहे!

काका : हो, साहेब. जागा घेताना आम्ही तेवढंच बघितलं होतं.