सरांच्या हाती देईन

बाई, मागच्या महिन्यातली ती गोष्ट आठवली की अजून मान खाली जाते माझी. अमरावतीहून एसटीत बसले होते. माझा गोलू सारखा खिडकीबाहेर हात काढून राहिला होता. माझा जीव नुसता वर-खाली. शेजारचे म्हातारे काका हायस्कूलचे मास्तर होते, हे बोलण्यात कळलंच होतं. मी म्हटलं, "नीट बस, नाई तं या सरायले देऊन देईन, ते लय मारतात!"

गोलू भेदरून माझ्या पदरात घुसला.

सर हळूच म्हणाले, "पोरी, नववीतला एक पोट्टा मले पाहून खिडकीतून उडी मारून पळे. मी रोज त्याच खिडकीखाली डबा खात बसलो. महिन्यानं तो जवळ येऊन जेवला. म्हणे, सर, तुमी मारत नाई? माय तं लहानपणापासून सांगे, सर चामडी काढतात."

मी लाजेनं अर्धी झाले. "चुकलं सर. आता असं भेव नाई दाखवणार."

सरांनी संत्रं सोलून गोलूला दिलं.

मूर्तिजापूर आलं, पण गोलू सीट सोडेना. घाईत माझ्या तोंडून निघालंच, "उतर, नाई तं कंडक्टरले देऊन देईन!"

गोलू रडत म्हणाला, "त्याले नको, मले सरायले दे."