मास्तरांच्या जुन्या ऑफिसातील भेटीबाबत

मी, नाव व पत्ता सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, वय ५४ वर्षे, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय नोकरी (औषध वितरण कंपनीत खरेदी विभाग प्रमुख), समक्ष हजर राहून जबाब देतो की, आज सकाळी शिवणकामाच्या दुकानाचे कुलूप उघडून आत बसलेल्या वृद्ध गृहस्थांबाबत मला असलेली माहिती नोंदवण्यासाठी मी स्वतःहून आलो आहे.

माझे आयकर विवरणपत्र मी दरवर्षी स्वतः भरतो. यंदा आईच्या घराची विक्री झाल्याने करसल्लागाराची गरज पडली. पहिल्याने कागद न बघताच "कर निम्म्यावर आणतो" असे सांगितले. दुसऱ्याचे लक्ष माझ्यापेक्षा फोनकडे अधिक होते. तेव्हा माझी थोरली बहीण म्हणाली, "तुझी अक्कल ठेव खिशात आणि मास्तरांना गाठ. माझं सगळं तेच बघतात." सदर गृहस्थांना त्यांचे अशील मास्तर म्हणतात.

मी फोन केला असता मास्तर म्हणाले, "घरीच या ना, निवांत बोलू." मी सांगितले की असली कागदपत्रे मी कोणाच्या दिवाणखान्यात उघडत नाही, ऑफिस असेल तरच येईन. मग "सोमवारी सकाळी या," म्हणून त्यांनी पत्ता दिला.

आज त्या पत्त्यावर गेलो तेव्हा खोलीत शिलाई मशिने होती. मास्तर कापड बेतायच्या टेबलामागे कोट घालून बसले होते. मी विचारल्यावर म्हणाले, "जागा सध्या विभागून वापरतो." हे खरे नव्हते. ती खोली पूर्वी त्यांचे ऑफिस होती. भाड्याची ती खोली त्यांच्या मुलाने गेल्या वर्षी सोडली. कुलूप बदलले गेले नाही व एक किल्ली मास्तरांकडे राहिली. सोमवारी दुकानास सुट्टी असते. हे सर्व मला नंतर समजले.

मास्तरांनी माझे कागद क्रमाने लावले, आईच्या मृत्यूचा दाखला पाहिला व विचारले, "खरेदीखताची नोंदणी झाली तेव्हा आई होत्या?" हा प्रश्न आधीच्या दोघांनी विचारला नव्हता. मी म्हणालो, "होत्या. दवाखान्यातून सहीला आल्या होत्या." ते म्हणाले, "मग हे उत्पन्न त्यांचं. त्यांच्या नावाने शेवटचं विवरणपत्र भरू. वारस म्हणून सही तुमची."

इतक्यात दुकानाच्या मालकीणबाई पोलीस शिपायांना घेऊन आल्या. "अगं बाई, मास्तर तुम्ही! मला वाटलं चोर शिरला! अहो, मागितली असती तर दिली नसती का खोली?" त्यांची काही तक्रार नाही व दुकानातून काही गेलेले नाही. जागेचे घरमालक मात्र गुन्हा नोंदवा म्हणून अडून बसले आहेत.

ठाण्यात मास्तरांचा मुलगा म्हणाला, "बाबा, काय ही नसती उठाठेव!" मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना ऑफिस हवं होतं."

ते खरे आहे. मी अट घातली नसती तर ते तेथे गेले नसते. माझी कागदपत्रे त्यांच्याकडेच आहेत. ती मी परत मागितलेली नाहीत. पुढील काम मी त्यांच्या घरी जाऊन करणार आहे.

हवालदारांनी हा मजकूर मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "संशयित इसम" असे लिहिले होते. ते खोडून "माझे करसल्लागार" असे लिहून घेतले व खोडल्या जागी सही केली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
स्थळ : पोलीस ठाणे
दिनांक : १४ जुलै, सोमवार