नानांनी विचारलेली सही

खरं-खोटं करायला जाणकार माणूस आणू नका, मी आणून बसलोय. कॉम्प्युटरवर मी जुनं लढाऊ विमान उडवतो. हा गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, गेममधलं विमान खऱ्यासारखं वागत नाही. मला राग आला. आमच्या शिरपूरच्या गल्लीतले नाना तरुणपणी हवाई दलात त्याच विमानांचे मेकॅनिक होते. त्यांनाच शेजारी बसवलं.

नाना बघत म्हणाले, "वेग कमी केला की हे दगडासारखं खाली यायचं. पायलट उतरल्यावर हेच सांगायचे. बठ्ठं बरोबर शे."

सगळं बरोबर आहे, असं खुद्द मेकॅनिक म्हणतोय! मी त्यांचं वाक्य तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं. तेवढ्यात विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं. मी हसत पुन्हा सुरू केलं.

नाना हसले नाहीत. "उडायच्या आधी, विमान ठीक आहे म्हणून कागदावर सही कोणाची?"

"कोणाचीच नाही, नाना. गेम आहे."

"आणि पडल्यावर चौकशीला कोण बसतं?"

"कोणी नाही."

नाना उठले. "मंग खोटं शे. आमचं पडलं, तेव्हा सही माझी होती."

चपला घालून निघून गेले, परत आले नाहीत. ग्रुपवर त्यांच्या 'बठ्ठं बरोबर शे'ला अजून अंगठे येतायत.