मास्तर मर्जीनं गेले न्हाईत

मंडळी, आख्ख्या भोरातनं आलात, वेल्ह्याच्या डोंगरातनं पायी आलात. मला बोलता येत न्हाई. मी उत्रोलीचा रामा, भात लावणारा माणूस. पण आत्ता नानासाहेब जे बोलले, ते ऐकून गप बसलो तर मला घास गिळवायचा न्हाई.

नानासाहेब म्हणाले, मास्तर सिद्ध पुरुष होते, योगबळानं, आपल्या मर्जीनं त्यांनी देह ठेवला. आपण त्यांची समाधी बांधू.

खोटं हाय. मंडळी, साफ खोटं हाय.

बारा वर्सं मी मास्तरांच्या ओट्यावर ध्यानाला बसलो. एकदा इचारलं, "मास्तर, योग्याला हवेत उडता येतं म्हणत्यात. दुसऱ्याच्या मनातलं कळतं म्हणत्यात. खरं का?" मास्तर हसले. "येत असेल रे. पण त्यात जो रमला, तो तिथंच राहिला. आपल्याला सुटायचंय."

गेल्या दिवाळीत नानासाहेबांकडं पाव्हणे होते. मास्तरांना बोलावून घेतलं, म्हणाले, "एखादी सिद्धी दाखवा की." मास्तर म्हणाले, "मी शाळामास्तर आहे, गारुडी नव्हे." पाव्हणे हसले. नानासाहेबांना हसले. ते त्यांच्या मनात बसलं.

मग ह्या म्हैन्यात मास्तरांची छाती भरली. वैद्यबुवा म्हणाले, आजच्या आज पुण्याला न्या. मोटार नानासाहेबांच्या दारात उभी. म्या त्यांचे पाय धरले. व्हय, धरले. काय म्हणालात, नानासाहेब? तुमी सांगता का मी सांगू?

"योग्याला मोटार कशाला? उडून जाऊ दे."

आन् आज हार घेऊन आलात?

म्या बैलगाडी जुपली. मास्तरांचं डोकं माझ्या बायकोच्या मांडीवर. एकेका श्वासासाठी झगडत होते. "पुणं किती लांब, रामा?" तीनदा इचारलं. मर्जीनं निघालेला माणूस असं इचारतो व्हय? माझी बायको तिकडं बसलीय, तिला इचारा. त्यांना जगायचं होतं!

वाटेत कामथडी गाव आलं तवा माझा हात धरून म्हणाले, "त्यांच्यावर राग धरू नकोस. द्वेष आहे तोवर सुटका नाही." भर दुपारी, गाडीतच गेले.

मास्तर, तुमचं समदं ऐकलं. येवढं एक ऐकणार न्हाई. मला सुटका नको. पुन्हा जल्माला येईन, ह्याच भोरात येईन, आन् ह्यांच्या नातवंडांच्या दारात उभं राहून सांगेन, तुमच्या आज्यानं काय केलं ते. तवर हा जल्म हायेच. समाधीचा एक दगड बसवा, नानासाहेब. बसवून तर बघा. ह्या हातांनी उपटून नदीत टाकीन.

मंडळी, उठा. मास्तरांसाठी जरा वेळ गप उभं ऱ्हावा. समद्यांनी डोळे मिटा.

नानासाहेब, तुमी मिटू नका. तुमी माझ्याकडं बघा.