धानावरच्या चमकीच्या पट्ट्या

गिरजा, मायी बायको, तिच्यासंगं शेवटचं काम केलं ते धानाले चमकी बांधायचं. लाखनीजवळ आमचं गाव, बोडी म्हंजे लहान तलाव, तिच्या पारीच्या बांधाखालीच आमचं वावर, धान पिवळं पडलं का पाखरं तुटून पडतेत, म्हणून काठ्या रोवायच्या आन् त्याइले चमकीच्या पट्ट्या बांधायच्या, हवेनं फडफडतेत, उन्हानं चमकतेत, पाखराले काही सुधरत नाही. ती पट्टी तोडून दे, मी गाठ मारो.

हे चमकीचं काम मले जुनंच माहीत हाय जी. चौथी शिकलेला माणूस मी, जवानीत विमानदळात मदतनीस लागलो, लढाईच्या वक्ती विमानात चमकीची पुडकी भरायचं काम मायाकडं. पुढचं विमान ते आभाळात सोडे, केसासारख्या बारीक पट्ट्या पसरत, खाली दुश्मनाच्या रडारवर ढगच ढग दिसे, खरं विमान कोणतं ते त्याइले समजेच नाही, आन् मागून बाँबवाले जाऊन आपलं काम करत. गावात मी हे छाती फुगवून सांगो.

त्या दिवशी गिरजा म्हणे, अवो, ज्याइले तुमी आंधरं केलं त्याइच्या घरी कोणी मेलं असन ना, बाँबले काय माहीत कोण शिपाई आन् कोण लेकरू, दरसालच्या पितरपाखात मायं एकच सांगणं हाय, त्याइच्या नावानं एक घास ठेवा, तुमी ठेवतच नाही. मी खेकसलो, दुश्मनाले घास घालू का, तुयी अक्कल चरायले गेली का, पट्टी दे इकडं. तिनं तोडून देल्ली. काठ्या सरल्या तं घरी आलो. त्याच संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडली. काय सांगू तुमाले, पट्टी दे इकडं, हाच माया तिच्यासंगं शेवटचा बोल.

दहाव्याले बोडीच्या पारीवर पिंड ठेवला तं कावळा शिवेच नाही. झाडावरून पाहे, खाली उतरे नाही. माया चुलतभाऊ डोमाजी म्हणे, वहिनीचं काही राहून गेलं, कबूल करा. पोरगी सुनीता हात जोडून म्हणे, माय, बाबाले मी सांभाळीन, तुयी गाय इकू देणार नाही. कावळा तसाच. डोमाजी म्हणे, दादा, आता तुमी बोला, जिती होती तवा तिचं आयकलं नाही, आता तरी आयका. मी बोललो, तुयी लुगडी सुनीतेले देईन, तुयी तुळस वाळू देणार नाही, सारं बोललो, मले जे माहीत होतं तेवढं सोडून. चार माणसात जीभ उचलली नाही जी. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाले लावला आन् सारे घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकलाच गेलो. तिनं तोडलेल्या, मी बांधलेल्या साऱ्या पट्ट्या सोडल्या, गुंडाळून खिशात भरल्या. मंग पारीवर भाताचे दोन घास ठेवले, एक तिचा, एक त्याइचा, आन् मोठ्यानं म्हटलं, गिरजे, पाह्य, त्याइचा घास ठेवला. कावळे उतरले. पट्ट्या नव्हत्या म्हणून उतरले का त्या घासासाठी, मले नाही सांगता येत. पहिले त्याइचा घास उचलला, मंग तिचा. ती तशीच होती, घरात साऱ्याइचं झाल्याबिगर ताट घेत नसे. मंग पोपट आले, चिमण्या आल्या, सारी पाखरं धानावर पडली. मी उठलो नाही. खा बाप्पा, म्हटलं.