कानाची खाच

(घोटावड्याची चावडी. दाराला आतून कडी. बाहेर काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं.)

हैबतराव : मोघे सायेब, भिंतीला टेका. डोस्क्यातनं रगत वाहतंय अजून. मी पोलीस पाटील हाय तवर दार उघडायचं न्हाई. तुमचे पिंजरे मातुर फोडले त्यांनी.

मोघे : पिंजरे जाऊ द्या. कोंडिबा कसे आहेत?

गोजराबाई : धनी गेलं माझं. पौडाच्या दवाखान्याच्या वाटंवर, गाडीतच.

मोघे : गोजराबाई...

गोजराबाई : भात कापत हुतं. डुकरानं मांडी पार फाडली. मी लुगडं कोंबलं, तरी रगत थांबंना. मग पोरांनी त्या डुकराला दगडांनी ठेचलं. त्याच्या कानाला खाच हाय. तुमचीच न्हवं?

मोघे : माझीच.

गोजराबाई : म्हंजी घावलं हुतं तुमाला. मग जित्तं सोडलं कशापायी?

मोघे : रानात डुकरं किती, ते काढायचं होतं. सगळी कोण मोजणार? म्हणून चाळीस धरली, कानाला खाच पाडून सोडली. पुढं पारधीत मारलेली बघायची. दहा मारली नि दोघांना खाच निघाली, तर पाचांत एक खुणेचं. म्हणजे माझी चाळीस हा पाचवा हिस्सा, रानात साधारण दोनशे.

हैबतराव : आन त्या आकड्याचं काय करनार हुता?

मोघे : सरकारला दाखवला असता, तर बंदुकांचे परवाने मिळाले असते तुम्हाला.

हैबतराव : पानशेत फुटलं त्या सालापासनं अर्ज करतुया आमी.

गोजराबाई : सायेब, एक मारलं असतं, एकुणचाळीसच सोडली असती, तर हिशेब चुकला असता?

मोघे : नाही.

हैबतराव : आयला, दाराला कुऱ्हाड लागली! गोजरे, तुझा दीर हाय, वाल्मीक. सायबाचा कान कापूनच सोडतो म्हणतोय.

मोघे : उघडा दार, पाटील. जातो मी बाहेर.

गोजराबाई : गप बसा! तुमाला मारून वाल्मीक फासावर जाईल. मग माझी लेकरं कुनी पोसायची? पाटील, तिरडी बांधली का?

हैबतराव : बांधली. भायेरच हाय.

गोजराबाई : सायेब, डोस्क्याला फडकं बांधा. माझ्या मागनं या आन म्होरल्या अंगानं खांदा द्या. खांदेकऱ्यावर आमच्यात कुनी हात उचलत न्हाई.

मोघे : गोजराबाई, मी...

गोजराबाई : बोलू नगा. लई जड हाय त्यांचं अंग. नीट धरा.